नावासाठी सोडलेली जागा

उदगीर, माघ वद्य तृतीया

प्रिय प्रेमे, अगं लातूरच्या शहाणे,

तुझी दोन्ही पत्रं पोचली. पहिलं आलं तवा मी जात्यावर बसले व्हते. लगीन ठरलं, पोरगा नांदेडचा, नाव अमुक, असं सगळं वाचलं, कागदाची घडी घातली अन् राहिलेली ज्वारी दळून काढली. दुसऱ्यात तू लिहिलंस की आई, रुसलीस का, गावभरच्या पोरींना उखाणे लिहून देतीस अन् पोटच्या पोरीला एक पाठविना, फाल्गुन शुद्ध पंचमी तोंडावर आली, आता नीलाकाकू म्हणतात माझाच जुना घे. काकूचा उखाणा मी ऐकलाय. चांदीच्या ताटात कायतरी ठेवलेलं असतंय त्यात. तो घेऊ नको. अजून सतरा दिवस हायती.

रुसायला काय झालंय मला? तुझे वडील गेल्यावर अनंतकाकानं तुला लातूरला नेलं, सात यत्ता शिकवलं, आता काका-काकूच जोडीनं कन्यादान करणार. मी पाहुणी येणार. ह्याचं वाईट वाटायला पाहिजे, असं शेजारची धोंडाबाई म्हणती. मी वाट बघितली, दोन दिवस बघितली, काही वाटलं न्हाई. भाजी करते, खाते, तिखट झाली का अळणी ते सांगता येत न्हाई. तसं हाय सगळं. तू काळजी करू नको, मी बरी हाय.

तू विचारलंस की नांदेडला गेल्यावर मी बी हे काम धरू का, तुझं कसं चालतंय ते सांग. तर सांगते. लोकांना वाटतं बाई बसली अन् उखाणा सुचला. सुचायची वाट बघत बसलीस तर नवरी बोहल्यावर चढती अन् तू दौतीत काडी फिरवत राहतीस. मी दिवाळी झाली की कामाला लागते. तुळशीचं लगीन लागलं की गावातली अन् शिवेपलीकडची जेवढी बिनलग्नाची पोरं हायती, त्यांची नावं कागदावर उतरवते. बापाच्या डोक्यात पोराचं लगीन यायच्या आधी माझ्या कागदावर येतं. मागं तो ग्यानोबा आडाच्या कडेला मला बघून हसला. त्याला काय ठाऊक, त्याच्या बायकोच्या तोंडची ओळ मी सकाळीच जुळवून ठेवली व्हती. बायको कोण, ते मात्र अजून कुणालाच ठाऊक न्हाई.

अवघड नावं आधी घ्यायची, सकाळी, डोकं ताजं असताना. महादेवप्पा, सिद्धराम असले कानडी मुलखाकडचे लई छळतात. सोपी नावं दुपारी, डोळे मिटत असताना बी होतात. दिवसाला दोन. तीन केले की तिसरा पहिल्यासारखाच निघतो. अन् एक ओळ दोघींना द्यायची न्हाई, मग त्या दोघी बहिणी असल्या तरी. सासरी गेल्यावर एकमेकींच्या घरी हळदीकुंकवाला जातात अन् तिथं आपलं पितळ उघडं पडतं.

लगीनसराई सरली म्हणून हात झाडून बसू नको. फाल्गुनात जिला उखाणा दिला, तिच्या डोहाळजेवणाची गाणी भादव्यात तयार पाहिजेत, अन् मार्गशीर्षात बारशाचा पाळणा. एका गिऱ्हाइकाचे तीन फेरे असतात, ते पहिल्याच दिवशी धरून चालायचं. मी कागदावर तिच्या नावापुढं महिने बी मांडून ठेवते. त्यात एकदा लई फजिती झाली. खालच्या आळीच्या सूनबाईचा पाळणा मी आठव्याच महिन्यात धोंडाबाईच्या हाती धाडला, काम आवरावं म्हणून. सासूबाईनं तिथंच बोटं मोजली. "तुझ्या त्या तारामतीला आठवा कसा ठाऊक? आम्ही तर सातवाच सांगितलाय." धोंडाबाई घरी आली ती थेट माझ्या अंगावर. म्हणली, "तारे, जरा गणित कमी येऊ दे की तुला!"

धोंडाबाई तुला ठाऊक हाय, पण तिचं काम तू न्हाई बघितलेलं. रांडमुंड बाईच्या हातचा उखाणा नवरीनं कसा घ्यायचा? म्हणून मी तिला वाचून दाखवते, ती पाठ करती, अन् मग भरल्या कपाळानं जाऊन नवरीला शिकवती. सगळ्या गावाला ठाऊक हाय अन् सगळं गाव मागच्या दारानं ज्वारी आणून देतं. विरूपाक्षाच्या येळी मात्र धोंडाबाई हटून बसली. "ह्याला दुसरं नाव न्हाई का? माझे दोन दात पडलेत." मग मी म्हणले ऐक, "हैद्राबादहून आणली टोपलीभर द्राक्षं, एकटेच खाऊन बसले आमचे विरूपाक्ष." नवरीनं भर पंगतीत म्हणला. विरूपाक्षाचा बाप अजून सांगत फिरतो की माझा पोरगा तसला न्हाई, वाटून खातो.

मला तो उखाणा लिहिताना हसू आलं न्हाई, प्रेमे. दुसरी हसतील एवढं ठाऊक असतं, तेवढ्यावर लिहिते. काम म्हणून धरलंस की असंच व्हतं, तुझं बी व्हईल. त्याला भिऊ नको. दिवसाचे दोन झाले का, एवढंच बघायचं.

ह्या साली मी चाळीस नावं ठरवली व्हती. कागद मिळत न्हाई लढाईपायी, तरी जुन्या पाकिटांच्या आतल्या बाजूला लिहून एकोणचाळीस झाली, संक्रांतीच्या आत. चाळिसावं तुझ्या नवऱ्याचं. त्याची जागा मी लगीन ठरायच्या आधीपासून सोडलेली. तुझं पत्र आलं अन् दुसऱ्या दिवशी सकाळी बसले, अवघड नावं सकाळी घेते तशी. ओळी झाल्या. नावापाशी आले अन् बोरू थांबला. दौत वाळली, पाणी घातलं, परत बसले. असे अकरा दिवस झाले. रडू आलं असं समजू नको, तसलं काही न्हाई. नुसता हात तिथं जाऊन थांबतो. महादेवप्पा जुळवणारी बाई मी, अन् तीन अक्षरांचं नाव हाय.

तुझ्या काकानं स्थळ बघितलं तवा त्याला काही वाटलं नसंल. तो भावाला नावानं हाक मारत व्हता, जावयाला बी मारंल. बाईचं तसं नसतं. मी अकरा वर्षं संसार केला, त्यात "अहो" म्हणले, "प्रेमलाचे वडील" म्हणले, मोंढ्यातून धान्य मोजून उशिरा आले तर "आले का मापाडी" म्हणले. नाव घेतलं ते उखाण्यातच. लग्नात, डोहाळजेवणाला, तुझ्या बारशाला, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. तेवढीच मुभा. ते पटकीत गेले अन् ती बी सरली, कारण उखाणा सवाष्णीनं घ्यायचा. त्यांना हाक मारणारी माणसं बी एकेक करून कमी झाली. आठ वर्षं मी साऱ्या मुलखाच्या नवऱ्यांची नावं लिहून राहिले, अन् हे एक नाव माझ्या कानावर आलं न्हाई. मला वाटायचं, ते आता कुठंच न्हाई.

अन् मग तुझ्या पत्रात आलं, जावयाचं नाव म्हणून, तुझ्या अक्षरात. तुला लिहिताना लक्षात आलं असंल का न्हाई, ठाऊक न्हाई. आलं असंल तर तू ते माझ्यापासून लपवलं न्हाईस, बरं केलंस. ह्या पत्रात बी मी ते लिहिलेलं न्हाई, शोधू नको. उखाणा पाठवते, नावाची जागा मोकळी हाय, ती तू भर:

उदगीरच्या मोंढ्यात ज्वारीच्या राशी,
पंगतीला बसले ——राव माझ्यापाशी.

साधा हाय, पण तुझा हाय. आता हे पत्र कशासाठी ते सांगते. घास भरवताना पोरी लाजून मान खाली घालतात अन् नाव पानातच सांडून जातं. तू तसं करू नको. मी त्या येळी आत चुलीपाशी असंन, मधे दोन खोल्या अन् भांड्यांचा गोंगाट. दारापर्यंत बी मला येता येणार न्हाई. मान वर करून, मोठ्यानं घे. काकू डोळे वटारतील, व्याही म्हणतील पोरगी लई धीट हाय. म्हणू दे. मला ते एकदा ऐकायचंय.

तुझीच,
आई