न वाकणारी रेघ

१२ एप्रिल १९५४
बागबाजारातली खोली स्वस्तात पडली, असं गावी बायकोला, सुनीतीला कळवलं. खरा हिशेब असा: अकरा रुपये भाडं, मोहरीच्या तेलाचा धूर, आणि भिंतीपलीकडे गुरुदत्त. तरी मी खूष. तारखात्यात निरोप्या म्हणून लागलो, यंत्राच्या नुसत्या कटकटीवरून तारा लिहून घेणारा झालो. आता त्याच कानांना प्रयोगशाळा पगार देते. काचेच्या पेटीत रातकिडे, खाली दिवा. पेटी तापवायची, तिच्याकडे पाठ करून बसायचं आणि मिनिटाची किरकिर मोजायची.

१९ एप्रिल
उष्मा वाढला की किरकिर वाढते. ठिपके मांडले, पट्टी ठेवली, सरळ रेघ. प्रयोगशाळेतला माझा जोडीदार गुरुदत्त इथंच जन्मलेला, एम.एस्सी.; त्याचं मराठीही बंगालीत भिजलेलं. म्हणे, दिनकरदा, एकशेपाच अंशांना ही रेघ वाकेल, मग शून्यावर येईल. जिवंत वस्तूचं असंच असतं. मी म्हटलं, बाबा रे, माझे कान आहेत तोवर माझी रेघ वाकायची नाही.

४ मे
श्यामसुंदरबाबूंनी, म्हणजे साहेबांनी, गुरुदत्तची वाकडी रेघ भिंतीवर लावली. ठिपके माझे, खाली नाव त्याचं. त्याला संदेशची मिठाई भरवली. मला विचारलं, दिवा विझवला ना?

९ मे, रविवार
प्रयोगशाळेत कोणी नव्हतं. दिवा मोठा केला. एकशे आठला किरकिर बंद. विश्वास बसेना, झाकण काढून पेटीला कान लावला. गालाला काहीतरी चाटून गेलं. आत सगळे उताणे. एक कमी. एकदम तापवलं म्हणून मेले. हळूहळू चढवलं असतं तर रेघ टिकली असती.
घरी येताना ट्रामभर किरकिर ऐकू येत होती.

१० मे
गुरुदत्तला काही ऐकू येत नाही. म्हणे, दिनकरदा, अंग तापलंय, पडून राहा. मला घालवून पेटी एकट्याला हवी असेल.
कानात कापूस घातला. आवाज मोठा झाला.

११ मे
किरकिर मोजली. माझ्या रेघेवरून उष्मा काढला: एकशे एक. जिभेखाली थर्मामीटर धरला.
एकशे एक.

१२ मे
डावा कान. चिमटा लावला की आत सरकतो—
एकशे तीन. किरकिर बरोबर रेघेवर. आणि हळूहळू चढतेय, हवी तशी.
गुरुदत्त दार ठोठावतोय. डॉक्टर आणलाय म्हणे. एकशेपाचच्या आत उघडलं तर त्याचीच रेघ भिंतीवर राहील. थोडा चढू दे—

१३ मे
एकशे चार. सरळ.
तो पलीकडे रडतोय की काय— रडू दे—

दुपार
एकशे पाच. सरळच. बघ म्हणावं—
कडी कुठं—

एकशे सहा. मोजली.
कमी. परत मोजली. त्याहून कमी—
गुरुदत्त, रेघ वाक—