गौरीपुढचे मासे

मी, अनसूया भास्कर कर्णिक, वय वर्षे चौऱ्याहत्तर, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार पेण, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहिते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझा भाचा अद्वय तरीही शंका घेईल, म्हणून दाखले दोन आहेत.

१. रोह्याचे घर वडिलांनी माझ्या नावे केले होते. ते घर आणि आमच्या गौरीचा पितळी मुखवटा मी माझी भाची प्रणिता हिला देते. प्रणिता ही अद्वयची सख्खी बहीण. नागोठण्याच्या कंपनीत असलेल्या एका मल्याळी ख्रिश्चनाशी तिने लग्न केले. अद्वय म्हणतो, "आत्या, ती आता आपल्यातली राहिली नाही."

आपल्यातली म्हणजे कोण?

२. लहानपणी कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात पहिल्याच दिवशी सिस्टरने माझ्या हिरव्या बांगड्या उतरवल्या आणि मराठीत बोलले म्हणून गुडघ्यांवर उभे केले. सुट्टीत रोह्याला आले, तर काकूने अंगणातच थांबवून अंगावर पाणी शिंपडले. "आल्या मडम! काय काय खाऊन आलीस गो?" तिथे मी मूर्तिपूजक, इथे बाटगी. पुढे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मल्याळी, सिंधी, मुसलमान अशा बायकांबरोबर नोकरी केली. मी कोणातली, हे त्यांनी कधी विचारले नाही. माझी सोड्याची, म्हणजे सुक्या कोळंबीची, खिचडी मात्र मला न विचारता संपवली.

३. आमच्या गौरीला मासे-मटणाचा नैवेद्य लागतो. शेजारचा गणपती शाकाहारी, म्हणून ताट दाखवताना दोघांमध्ये पडदा धरतात. गेल्या वर्षी डोळ्याच्या ऑपरेशनमुळे मी पेणलाच अडकले. रोह्याला गौर अद्वयने आणि त्याची बायको हेमांगीने बसवली, आणि पुरणपोळी दाखवली. प्रणिता पापलेटे तळून घेऊन गेली होती. तिला पडवीत बसवले आणि डबा न उघडता परत पाठवले.

मी जाब विचारला. हेमांगी म्हणाली, "आत्या, फोटो ग्रुपवर जातात. देवीपुढे मासे बघून लोक काय म्हणतील?"

कोण लोक? हे दोघे राहतात त्या सोसायटीत मासे तळायला बंदी, तिथले? त्यांच्या रीती उसन्या आणायच्या, वर बहिणीला धर्म शिकवायचा!

माझ्याकडे स्वयंपाकाला असणारी हौसा तेव्हा मदतीला रोह्याला गेली होती. ती अद्वयला तोंडावर म्हणाली, "दोन लेकी माहेराला आल्या, दोघी उपाशी गेल्या. नाय शोभत तुम्हाला."

४. बँकेतली ठेव हौसाला द्यावी. पेणची जागा भाड्याची आहे, ती मालकाला परत करावी.

५. अद्वयला घराण्याची वंशावळ, काचेच्या चौकटीसह. ती टांगायला सोसायटीची हरकत नसावी.

६. प्रणिताला मी आधी विचारले आहे. ती म्हणाली, "आत्या, मी रविवारी चर्चला जाते. ते लपवून गौर घेणार नाही."

"तुला लपवायला कोणी सांगितलंय? स्वयंपाक येतो ना?"

"येतो." मग म्हणाली, "दादाला बोलवायचं का?"

बोलवायचे. दरवर्षी, स्वतः फोन करून. आला तर घरात घ्यायचे, पहिल्या पंगतीला बसवायचे. हेमांगीलाही. मात्र त्यांच्यासाठी वेगळा स्वयंपाक करायचा नाही.

वरील मजकूर मी वाचला आहे. राग कमी करा असे वकिलांनी सुचवले होते, ते मी मानलेले नाही.

अनसूया भास्कर कर्णिक (सही)

आमच्यासमोर सही केली, साक्षीदार :
सुजय रमाकांत म्हात्रे (सही)
मालू गणपत ठाकूर (सही)

पेण, दि. १४ जानेवारी २०२५