चंदनाचा साबण आणि करडू

मार्गासनी. सोमवार, एकादशी. संध्याकाळ.

दुपारी आमची चांदी शेळी व्यायली. गोठ्याला लागूनच देवघर. एकादशीला विटाळ नको म्हणून चांदीनं चाटायच्या आतच मी करडू उचललं आणि दिवाळीपासून जपून ठेवलेला चंदनाचा साबण लावून त्याला न्हाऊ घातलं. करडामागून तिच्या पोटातून पडलेला जार उकिरड्यात पुरला. केवढं चांगलं काम केलं, असं वाटलं.

मग चांदी त्याला जवळ येऊ देईना. तीनदा डोक्यानं उडवलं. करडाची मान लुळी पडायला लागली. हे म्हणाले, "त्याला लई चंदनाचा वास मारतोय. आता तूच पाज."

जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. म्हणाले, "वहिनी, व्यायल्यावर पहिले थोडेच तास शेळीचा मेंदू पिलाचा वास टिपून घेतो. तो वासच तुम्ही धुतलात. जार असला तर चोळा, लवकर."

म्हणजे तिची माया नाकातून आत जाते? आणि मी ती साबणानं...

एकादशीच्या उपाशी पोटी उकिरडा उकरला. जार करडाला डोक्यापासून शेपटीपर्यंत चोळला. चांदीनं आधी माझा हातच चाटला. तोच हात करडाच्या पाठीवर ठेवला आणि हळूच काढून घेतला. ती चाटतच राहिली. आत्ता पितंय ते.

हात नुसते पुसलेत. साबण लावायला धीर होत नाही, रात्री तिनं पुन्हा ढकललं तर?

देवापुढं दिवा आज ह्यांनी लावला.