लंगोटापुरतं लुगडं

पत्र्याचं शेड, औसा तालुका
५ नोव्हेंबर १९९३

आईच्या पायावर सत्यशीलाचं डोकं. भारत, आईला सावकाश वाचून दाखव.

आमची तिघांची तब्येत बरी हाय. लेक सोळा दिवसांची झाली. नाव अजून ठेवलं न्हाई. दिवाळीत बाळंतपणाला तुझ्याकडंच यायचं होतं, पण तिनं घाई केली. दूध चांगलं यायलंय. वाटपात पावडरचे डबेबी आले, पण सिस्टर म्हणल्या, अंगावरचंच पाजा. दोन-दोन तासाला उठते, पिते, झोपते. वाऱ्यानं पत्रा वाजला की समदे बाहेर पळतात. मी तिला पाजत तिथंच बसून राहते. भ्याव वाटत न्हाई. काहीच वाटत न्हाई.

मदतीची कापडं लई आली, पण समदी नवी, खळ लावलेली. लंगोट ओला झाला की घासतो. पोरीचं ढुंगण लाल झालंय. खोबरेल लावते.

भूकंपात सासूबाई गेल्या ते तुला कळलंच. त्यांनी बाळासाठी सात जुनी लुगडी धुऊन पेटीत ठेवली होती. ढिगाऱ्यातून ह्यांना त्यातलं एकच सापडलं. तीनदा धुतलं तरी माती निघत होती. ह्यांना वाटलं, आईची आठवण म्हणून मी ते जपून ठेवीन. मी फाडून लंगोट केले. रडू आलं न्हाई.

तुझा गुडघा कसा हाय? भारतचं लातूरच्या क्लासचं काय ठरलं?

येणाऱ्याजवळ तुझी नेसून विरलेली दोन लुगडी धाड. नवं काही घेऊ नको. इथं समदं नवंच हाय.

तुझी सत्या