बोट रिव्हर्स घेतली

उस्ताद, काल मी ट्रॅक्टरमागं बोट जोडली आणि रिव्हर्स घेऊन पाण्यात सोडली. तुम्ही असता तर आधी हसला असता, मग "खरं का?" म्हणून दोनदा विचारलं असतं. नांदेडच्या एका मालकानं बिलोलीकडच्या तलावावर लोकांना फिरवायला ती आणलीय. दोन लांबलचक पोकळ नळकांड्यांवर सपाट ओटा, वर छत, आत खुर्च्या. दोन चाकांच्या गाड्यावर पट्ट्यांनी बांधून तलावापर्यंत ओढत न्यायची आणि उतारावरून मागं घेत पाण्यात सोडायची, एवढंच काम. फोन माझ्या बायकोनं घेतला आणि मला न विचारता "हाव, नेतील की" म्हणून मोकळी झाली. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण मी रिव्हर्सला घाबरतो हे मी तिला कधी कळू दिलं नव्हतं. नांगरणी, पेरणी करतो. ट्रॅक्टरमागं ट्रॉली किंवा गाडा ओढायचा म्हटलं की कंबर दुखते असं सांगून दुसऱ्याला बसवतो.

कारण तुम्हाला ठाऊकच आहे. तुमच्याकडं ट्रॅक्टर शिकत होतो तेव्हा कारखान्याच्या आवारात उसाची ट्रॉली मागं घेताना माझ्या हातून आडवी झाली आणि वजनकाट्याच्या खोलीची भिंत गेली. ट्रॉली जराशी वाकडी झाली तेव्हाच तुम्ही ओरडत होता, "पुढं घे, आरं पुढं घे!" पण रांगेतले सगळे ड्रायव्हर बघत होते. पुढं घेणं म्हणजे हार मानणं, असं मला वाटलं. मी मागं घेता घेताच सुधरवायला गेलो. तुम्ही मला दंडाला धरून खाली उतरवलं आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "ट्रॉली वळंल एकवेळ, पर तुझी मान वळायची न्हाई." लोक हसले. ते हसणं मी बरीच वर्षं जपून ठेवलं.

काल बायकोही सोबत आली. उतारावर पोचलो, पाण्यापर्यंत जाईस्तोवर पट्टे सोडू नका म्हणून मालकाला बजावलं आणि रिव्हर्स टाकला. बोट भलतीकडंच निघाली. उसाची ट्रॉली चार चाकांची, ट्रॅक्टरच्या जोडापाशी आणि पुढच्या चाकांपाशी अशी दोन जागी वळणारी; हा गाडा एकाच जागी वळतो, त्यामुळं तुम्ही शिकवलेलं स्टेअरिंग इथं उलटं पडतं. हात मात्र जुनंच करतायत. एका बाजूला बाभळी, दुसऱ्या बाजूला दगड. बायको गुडघाभर पाण्यात उभी राहून ओरडते, "अहो, हिकडं! हिकडं म्हंजे माझ्याकडं!" मालक विचारतो, "मामा, जमून राहिलं ना?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "न्हाई. थांबा जरा, पुढं घेतो."

पुढं घेतलं. सरळ केलं. परत मागं, परत वाकडं, परत पुढं. किती वेळा, ते मोजलं नाही. कोणी हसलं नाही. मालक तर बाभळीखाली बसून तंबाखू मळायला लागला. शेवटी चाकं पाण्यात गेली, पट्टे सुटले आणि बोट गाड्यावरून अलगद उचलली गेली. जीव भांड्यात पडला. बायको दोर धरून हसत होती. "येवढ्यासाठी सकाळपासून तोंड पाडून बसले होते का?" मी तिला तिथंच सगळं सांगून टाकलं, रिव्हर्सचं आणि कंबरेचंही. ती म्हणाली, "कंबर दुखणारा माणूस पेरणीला दिवसभर बसत न्हाई. मला लई दिवसांपासून ठाऊक हाय."

एक गोष्ट मात्र तिलाही सांगितली नाही. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, ही चिठ्ठी कुठं टाकायचीही सोय नाही, म्हणून इथं लिहायला हरकत नाही. उस्तादांनी मला हाकललं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय. तुम्ही हाकललं नव्हतं. लोक पांगल्यावर तुम्ही माझ्या हातात चहा दिला आणि हळूच म्हणालात, "सकाळी लवकर ये. आवार रिकामं असतंय. कोणी बघायला न्हाई."

मीच आलो नाही.