खर्ऱ्याची अट मागे घेतल्याबद्दल

मी, माया देवराव गजभिये, वय ६९, निवृत्त परिचारिका, राहणार हुडकेश्वर, नागपूर. रक्तदाब गोळीने ताब्यात आहे, डोके ठिकाणावर आहे आणि हे लिहिताना मला कोणी सांगायला बसलेले नाही. चार वर्षांपूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे व हेच शेवटचे धरावे.

१. बँकेतील ठेव व दागिने मुलगी भूमिका हिला मिळावेत. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दीड महिना तिने मनीषनगरहून रोज येऊन माझे केले आणि ते एकदाही बोलून दाखवले नाही.

२. राहते घर मुलगा संघपाल याला, कोणत्याही अटीशिवाय. तंबाखू-सुपारीचा खर्रा कायमचा सोडला तरच घर त्याचे, असे मी आधी लिहिले होते व त्याला बजावलेही होते. धंतोलीतल्या दवाखान्यात एकतीस वर्षे तंबाखूने सडलेली तोंडे पाहिलेल्या बाईला ते योग्यच वाटले. तो जेवायला आला की मी त्याला दारातच तोंड उघडायला लावी आणि बोटे घालून बघे. निरोगी तोंडात उभी तीन बोटे जातात, त्याच्या तोंडात दोनच जात. चाळिशीचा माणूस, बायकोच्या देखत. तो यायचाच थांबला.

यंदा गालाला आतून जखम झाली, ती त्याने तीन महिने लपवली. तपासणीत कॅन्सर निघाला नाही. मला आधी का दाखवले नाही, असे विचारले तेव्हा तो म्हणाला, "तुले दाखवलं असतं त घर गेलं असतं ना वं, आई." मला माझीच लाज वाटली.

३. मुलांना माहीत नाही ते इथे लिहिते. मी स्वतः बावीस वर्षे खर्रा खाल्ला. युनिफॉर्मच्या खिशात पुडी असे आणि त्याच तोंडाने मी रुग्णांना रागवत असे. पाच वेळा सोडला, पाच वेळा धरला. पौर्णिमेला विहारात पांढरी साडी नेसून दिवसभरासाठी अष्टशीलाचे व्रत घेतले की तो दिवस सहज निघे. दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासताना मात्र हात आपोआप पुडीकडे जाई. सहाव्यांदा सुटला, त्याला अकरा वर्षे झाली. त्यानंतर तिखट वांग्याची भाजी तोंड न भाजता खाता आली, नातीचा पापा न लाजता घेता आला. हे सुख मी संघपालला कधी सांगितले नाही, नुसता धाक घातला.

४. नणंद प्रयागबाई यांना माझा चहाचा थर्मास द्यावा. "सोडणं काई कठीण नसते, मनावर पाहिजे," असे त्या प्रत्येक लग्नात संघपालवरून मला ऐकवतात. त्यांनी आठ दिवस चहा सोडून दाखवावा आणि मग थर्मास न्यावा. ही एवढी एकच अट ठेवते.

५. हे कलम माझ्या मृत्यूनंतर नव्हे, आजपासून लागू. संघपालने रविवारी घरी यावे. दुपारी चारच्या सुमारास मला अजून खर्ऱ्याची तलब येते. अर्धा तास छळते, मग जाते. तेवढा वेळ त्याने माझ्याजवळ बसावे. खाऊन आला तरी यावे. मला एकटीने सोसवत नाही.

ठिकाण: नागपूर
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५
सही: माया देवराव गजभिये

साक्षीदार: १. डॉ. भैरवी सहारे २. गोपाळराव मेश्राम, शेजारी
मायाबाईंनी हे आमच्यासमोर स्वतः वाचून सही केली. त्यांच्या सांगण्यावरून पाचव्या कलमाची प्रत गोपाळराव आजच संघपालला नेऊन देत आहेत.