बरोबरीत सुटलेल्या दोन कुस्त्या

आबा, काल मुरूमच्या जत्रेत धाकट्याची कुस्ती झाली. तुम्ही गेलात तेव्हा तो रांगत होता. त्याला तुमची आठवण नाही, आणि ज्यांना आहे ते तुमच्या ऐन भरातल्या कुस्त्याच सांगतात. त्यानंतरची वर्षं कुणी सांगत नाही. ती मी पाहिली आहेत.

त्यातलीच एक सकाळ : आई पाट्यावर बदाम वाटते आहे. तुम्ही चुलीपाशी बसला आहात. दुधाचा पेला हातात कापतो, दोन्ही हातांनी धरून तुम्ही तो संपवता आणि जरा वेळानं विचारता, "आज खुराक न्हाय का?" आई रिकामा पेला दाखवत नाही, पुन्हा बदाम भिजत घालते. पुढं तुम्ही मला नावानं हाक मारेनासे झालात. तालमीतून घरी येताना वाट चुकू लागलात. तुमची चाळिशीही उलटली नव्हती. गावाचं निदान ठरलेलं होतं : पहिलवानानं मेहनत सोडली की अंगातली रग डोक्यात चढते. उपायही ठरलेला होता. वस्ताद तुम्हाला तालमीत नेत, ताक-तेल घालून मळलेल्या तांबड्या मातीत गळ्यापर्यंत झोपवत, आणि मग अंगाला याद यावी म्हणून जवान गडी तुमच्याशी खेळवत. मानेवर हाताचे तडाखे, कपाळावर कपाळ. संध्याकाळी तुम्ही डोकं धरून भिंतीला टेकायचात आणि आम्हाला वाटायचं, औषध लागू पडतंय.

त्या वर्षीच्या जत्रेत हलगी वाजली आणि तुम्ही गर्दीतून उठून, सदरा काढून, आखाड्यात उतरलात. कुस्ती तुमची नव्हती. तुमची कुस्ती कुणीच लावलेली नव्हती. मी आईजवळ बैलगाडीत होते.

"आरं, पहिलवान खुळा झाला जनू!" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. तुम्ही मांडीवर थाप मारून जोडीदाराची वाट बघत राहिलात. तेव्हा वस्तादांनी, पन्नाशी उलटलेल्या माणसानं, पटका बाजूला ठेवला आणि ते आत आले. "ये वाघा," म्हणाले. कपाळाला कपाळ लावून दोघं बराच वेळ उभे होते. मग त्यांनी हात वर केला, "बरोबरीत सुटली!" हलगीवाल्यानं कडकडून हलगी वाजवली. घरी येताना तुम्ही आईला म्हणालात, "वस्ताद लई थकलेत. म्याच सोडून दिलं त्यांना."

मग तुम्ही गेलात. मामांनी मला हैदराबादला शिकायला ठेवलं आणि मी पदवीधर झाले, आपल्या घरातली पहिली. तिथं एका मैत्रिणीचे वडील पलटणीत डॉक्टर होते. त्यांना मी तुमचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, वर्षानुवर्षं ठोसे खाल्लेल्या मुष्टियोद्ध्यांत हे पाहिलंय. खेळ सुटल्यावर पुढं विसर पडतो, हात कापतात. पहिलवानांचं ठाऊक नाही, आणि न पाहिलेल्या माणसाबद्दल खात्रीनं बोलणार नाही. तो पुरावा नव्हता. पण तुमच्या डोक्यात रग चढली होती, यापेक्षा ते मला जास्त पटलं.

निजामाचं राज्य गेलं, त्यानंतर वस्ताद धाकट्याला मागायला आले. "पोरात बापाची रग हाय. दे आमच्याकडं." मी त्यांना डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. फुटलेला कान चोळत त्यांनी ते सगळं ऐकलं.

"डोस्क्याच्या मारानं म्हनतीस, पोरी. मग माझं कसं शाबूत? सारा जलम मातीत गेला."

"अन् ताई," धाकटा म्हणाला, "तुझं तर नुसत्या पुस्तकानं गेलंय."

वस्तादांनी त्याला हातानंच थांबवलं.

"तालमीला कुलूप लावू म्हनतीस?"

"नाही. पण डोक्यावर आदळलेला गडी त्या दिवशी पुन्हा लढायचा नाही. जिंकत असला तरी."

वस्ताद आईकडं न बघता म्हणाले, "त्याच्या अंगावर म्याच पोरं घालत हुतो. बरं वाटंल म्हनून." उठताना एवढंच बोलले, "दिला शबुद."

काल जोडीदारानं धाकट्याला उचलून टाकलं. त्याचं डोकं आधी टेकलं. तो उठला, ओल्या कुत्र्यासारखं डोकं झटकलं, तुम्ही झटकायचात तसंच, आणि पुन्हा भिडला. आणि खरंच त्यानं त्या गड्याला खाली घेतलं. एक खांदा मातीला लागला होता, दुसरा लागत आला होता. तेवढ्यात वस्ताद आत शिरले आणि दोघांना सोडवून त्यांनी हात वर केला, "बरोबरीत सुटली!"

"ओ वस्ताद, डोळे गेले का तुमचे? चीत झालता की!" माणसं उठून ओरडत होती. कुणी माती फेकली. वस्ताद मान खाली घालून पटका बांधत राहिले. का सोडवली, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

धाकटा कालपासून माझ्याशी बोललेला नाही. भाकरीला हात लावलेला नाही. बोलेल कधीतरी. तुम्हाला अक्षरओळख नव्हती, तेव्हा हे पत्र पाठवायचा प्रश्न तसाही नाही. आणि धाकट्याला ते दाखवायचं झालं तर मला एक गोष्ट गाळावी लागेल. वस्ताद आखाड्यात शिरले तेव्हा मी बैलगाडीत उभी होते आणि बाकीच्यांसारखीच ओरडत होते : थांबा वस्ताद, अजून थोडं थांबा, होऊ दे चीत.